न सापडणारा जंतू

पावसाळा सुरू झाला की शाळेच्या हजेरीपटावर गैरहजेरी वाढू लागते. चौकशी केली की कारणे बहुधा ठरलेलीच निघतात. कुणाला ताप, कुणाचे पोट बिघडलेले. एखादी पाचवीतली मुलगी सांगते, "बाई, धाकट्या भावाला जुलाब होत होते. आई त्याला घेऊन दवाखान्यात गेली, म्हणून मी घरी थांबले." कशाने झाले, असे विचारले तर त्याचीही उत्तरे ठरलेली असतात. दात येताहेत. नजर लागली. काहीतरी बाधलं. थोडी शिकलेली मंडळी म्हणतात, पाण्यातून जंतू गेले.

यातले शेवटचे उत्तर बरोबर आहे, असे आपण पटकन म्हणू. पण मग पुढचा प्रश्न विचारून पाहा : कोणता जंतू?

हा प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. क्षय, पटकी, घटसर्प, विषमज्वर यांचे जंतू एकोणिसाव्या शतकातच सापडले. परंतु त्यानंतरही जवळजवळ नव्वद वर्षे जगातल्या नामांकित रुग्णालयांना जुलाब होणाऱ्या बहुतेक बाळांच्या बाबतीत नेमके कारण सांगता येत नव्हते. या नव्वद वर्षांत काय घडले, अडचण कुठे होती आणि ती कशी सुटली, याची ही हकिगत आहे. आपण वर्गात 'सूक्ष्मजीव आणि रोग' हा धडा शिकवतो तेव्हा कोख आणि पाश्चर यांच्यावर थांबतो. तिथून पुढची गोष्ट तितकीच रंजक आहे, आणि तिचा संबंध आपल्या वर्गातल्या मुलांच्या धाकट्या भावंडांशी आहे.

दात, ऊन आणि जमिनीचे तापमान

दात येताना जुलाब होतात, ही समजूत फक्त आपल्या आजीबाईंची आहे असे मानण्याचे कारण नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधल्या मृत्यूच्या सरकारी नोंदींमध्ये बाळाच्या मृत्यूचे कारण म्हणून 'दात येणे' असे लिहिलेले आढळते. ही समजूत इतकी पक्की का झाली असावी? सहा महिन्यांच्या सुमारास बाळाला दात येऊ लागतात. त्याच सुमारास ते वरचे अन्न खाऊ लागते, रांगू लागते, हाताला लागेल ते तोंडात घालते. आईकडून मिळालेले संरक्षणही याच काळात कमी होत जाते. म्हणजे दात आणि जुलाब एकाच वेळी येतात हे खरे, पण एकामुळे दुसरे होते असे नाही.

त्या काळात युरोप-अमेरिकेतल्या औद्योगिक शहरांत दर उन्हाळ्याच्या शेवटी हजारो तान्ही मुले जुलाबाने दगावत. त्याला 'उन्हाळी जुलाब' असेच नाव पडले होते. इंग्लंडमधल्या एडवर्ड बॅलर्ड या आरोग्य अधिकाऱ्याने १८८० च्या दशकात एक चमत्कारिक गोष्ट दाखवून दिली. जमिनीत चार फूट खोल पुरलेल्या तापमापकाचा पारा ५६ अंश फॅरनहाइटवर, म्हणजे साधारण १३ अंश सेल्सिअसवर पोचला की बाळांचे मृत्यू वाढू लागतात! हवेच्या तापमानापेक्षा जमिनीच्या तापमानाशी या मृत्यूंचा मेळ अधिक चांगला बसत होता. बॅलर्ड यांनी निष्कर्ष काढला की रोगाचे मूळ जमिनीच्या वरच्या थरात राहणाऱ्या एखाद्या सूक्ष्मजीवात असावे.

निरीक्षण चोख होते, अर्थ मात्र चुकला होता. जमीन हळूहळू तापते. ती चार फुटांपर्यंत तापली याचा अर्थ उष्णता बरेच आठवडे टिकून आहे. तेवढ्या काळात माश्या वाढतात, दूध लवकर नासते. याच काळात डॉक्टरांच्या लक्षात आणखी एक गोष्ट आली होती : अंगावर पिणारी बाळे फार कमी दगावत, बाटलीचे दूध पिणारी जास्त. जमिनीखालच्या तापमापकापेक्षा ही खूण अधिक मोलाची होती.

म्युनिकचे एशरिख

१८८४ मध्ये रॉबर्ट कोख यांनी कोलकात्यात पटकीचा जंतू वेगळा करून दाखवला. त्याच वर्षी नेपल्समध्ये पटकीची साथ आली आणि तिचा अभ्यास करायला गेलेल्यांत थिओडोर एशरिख हा तरुण जर्मन डॉक्टर होता. परत आल्यावर त्यांनी म्युनिकमध्ये बाळांच्या जुलाबाचा जंतू शोधायचे ठरवले.

कोख यांची पद्धत सर्वांना माहीत होती. रोग्यात जंतू शोधायचा, तो वेगळा वाढवायचा, त्याने रोग होतो हे दाखवायचे. एशरिख यांनी मात्र सुरुवात आजारी बाळांपासून केली नाही. त्यांनी आधी निरोगी बाळांची शी तपासली. नुकत्याच जन्मलेल्या बाळाची पहिली काळपट, चिकट शी पाहिली तर तीत जंतू नव्हते. काही तासांतच ते दिसू लागले. बाळ दूध पिऊ लागल्यावर तर आतड्यात त्यांची वस्तीच झाली. त्यांतला एक आखूड काडीसारखा जंतू जवळजवळ प्रत्येक बाळात सापडत होता. १८८५ मध्ये त्यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि त्याला मोठ्या आतड्यातला 'सर्वसामान्य' जंतू अशा अर्थाचे लॅटिन नाव दिले. पुढे त्याला त्यांचेच नाव मिळाले : एशरिखिया कोलाय, म्हणजे आपल्या परिचयाचा ई. कोलाय.

या शोधाने एक पेच उभा केला. क्षयाच्या रोग्याच्या थुंकीत क्षयाचा जंतू दिसला की काम संपते, कारण निरोगी माणसाच्या थुंकीत तो नसतो. आतड्याचे तसे नाही. तिथे आधीच असंख्य जंतू सुखाने नांदत असतात. यात्रेच्या गर्दीत चोर शोधण्यासारखेच हे काम. गर्दीत दिसला म्हणून कोणी चोर ठरत नाही.

एशरिख यांनी आणखी एक गोष्ट पाहिली होती. जुलाबाने दगावलेल्या काही बाळांच्या आतड्यात त्यांना मळसूत्रासारखे वळणदार जंतू दिसले. त्यांची चित्रेही त्यांनी काढली. पण ते जंतू काही केल्या प्रयोगशाळेत वाढेनात. शेवटी विषय तिथेच राहिला. या वळणदार जंतूंची आठवण ठेवा, ते पुढे पुन्हा भेटणार आहेत.

निरोग्यांची साक्ष

या पेचातून वाट काढण्याचे दोन मार्ग पुढच्या काळात सापडले. पहिला जपानमध्ये. १८९७ मध्ये तिथे रक्ती हगवणीची मोठी साथ आली. कियोशी शिगा या तरुण संशोधकाने ३६ रोग्यांचा अभ्यास केला. त्याने रोग्याच्या शरीरालाच साक्षीदार केले. आपल्या शरीराने एखाद्या जंतूशी लढा दिला असेल, तर रक्तात त्या जंतूविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. अशा रक्तद्रवात तो जंतू घातला की त्याच्या गुठळ्या होतात. आतड्यातल्या अनेक जंतूंपैकी ज्याच्या गुठळ्या झाल्या तोच संशयित. या जंतूला आज शिगेला म्हणतात. १९०२ मध्ये अमेरिकेत डुव्हल आणि बॅसेट यांना उन्हाळी जुलाब झालेल्या बाळांतही याच जातीचे जंतू सापडले. मात्र त्याने साऱ्याच बाळांचा उलगडा झाला नाही. शीतून रक्त-आव पडणाऱ्यांचा झाला, पाण्यासारखे जुलाब होणारी बहुसंख्य बाळे तशीच राहिली.

दुसरा मार्ग इंग्लंडमधल्या जॉन ब्रे यांनी दाखवला. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास तिथल्या रुग्णालयांत तान्ह्या मुलांमध्ये जुलाबाच्या साथी येत आणि त्यांत कित्येक मुले दगावत. ब्रे यांनी १९४५ मध्ये दाखवले की या बाळांत ई. कोलायचाच एक विशिष्ट प्रकार आढळतो. जो जंतू साठ वर्षे निरुपद्रवी रहिवासी मानला गेला, त्याच्याच घराण्यात गुन्हेगार निघाला. त्यांचा मुख्य पुरावा तुलनेचा होता. हा प्रकार जवळजवळ सर्व आजारी बाळांत होता. जुलाब नसलेल्या बाळांत मात्र क्वचितच.

हा मुद्दा विद्यार्थ्यांना समजावून देण्यासारखा आहे. समजा, जुलाब झालेल्या १०० मुलांपैकी ३० मुलांत एक जंतू सापडला. तो दोषी आहे का? सांगता येणार नाही. त्याच गावातल्या, त्याच वयाच्या १०० निरोगी मुलांतही तो २९ जणांत सापडला, तर तो बहुधा निर्दोष आहे. निरोगी मुलांत तो फक्त दोघांतच सापडला, तर मात्र संशय बळावतो. म्हणजे दोष सिद्ध करायला आजारी मुलांइतकीच निरोगी मुलांची साक्ष लागते.

त्याच सुमारास कोलकात्यात शंभूनाथ डे हे विकृतिशास्त्रज्ञ साध्या साधनांनी मोठे काम करत होते. १९५३ मध्ये त्यांनी सशाच्या आतड्याचा एक तुकडा दोन्ही बाजूंनी दोऱ्याने बांधून त्यात पटकीचे जंतू टोचले. बांधलेला तुकडा पाण्याने टम्म फुगला. १९५९ मध्ये त्यांनी दाखवले की जंतू काढून टाकून नुसता त्यांचा द्रव टोचला तरी असेच होते. म्हणजे हे काम जंतूंनी सोडलेल्या विषाचे होते. १९५६ मध्ये हीच पद्धत त्यांनी जुलाबाच्या रोग्यांतल्या ई. कोलायसाठी वापरली, तेव्हा त्यातल्या काही प्रकारांनीही आतडे फुगवले. विष सोडणारा ई. कोलाय हा बाळांच्या जुलाबाचा एक महत्त्वाचा कर्ता आहे, हे जगाने १९७० च्या सुमारास मान्य केले. त्याची पहिली खूण डे यांना सशाच्या आतड्यात दिसली होती.

थंडीतले जुलाब

विसाव्या शतकात श्रीमंत देशांमध्ये पाणी शुद्ध होऊ लागले, दूध तापवून, थंड ठेवून विकले जाऊ लागले, गटारे बंदिस्त झाली. उन्हाळी जुलाब ओसरले. तेव्हा एक नवीच गोष्ट स्पष्ट दिसू लागली. बाळांच्या वॉर्डात जुलाबाची गर्दी आता हिवाळ्यात होत होती! जपानी डॉक्टरांना तर थंडीतले पांढरट जुलाब पूर्वीपासून ठाऊक होते. नासके दूध, माश्या ही कारणे इथे लागू पडत नव्हती. शीत संशयास्पद जीवाणूही सापडत नव्हते.

मग विषाणू असेल का? १९४३ मध्ये अमेरिकेत लाइट आणि होड्स यांनी जुलाब झालेल्या बाळांची शी अशा गाळणीतून गाळली, की जिच्यातून जीवाणू पार होणार नाहीत. तो गाळलेला द्रव वासरांना दिला. वासरांना हगवण लागली. गाळणीतून जाण्याइतके लहान असे काहीतरी त्यात होते हे नक्की. पण ते दिसेना, आणि वाढवताही येईना. त्यांनी नमुना सुकवून जपून ठेवला.

मेलबर्न, १९७३

ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नच्या बालरुग्णालयात रूथ बिशप या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बरीच वर्षे जुलाबाच्या रोग्यांचा अभ्यास करत होत्या. बहुतेक मुलांत कारण सापडत नसे. तोवर सगळे संशोधक शीमध्ये शोधत होते. बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जागा बदलली. आजारी मुलांच्या लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून अस्तराचा कणभर तुकडा काढून तो तपासायचे त्यांनी ठरवले. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली अस्तर खराब झालेले दिसत होते. मग इयान होम्स यांच्यासह त्यांनी त्याचे अतिपातळ काप इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. पेशींमध्ये विषाणू खच्चून भरलेले होते!

नऊ मुलांपैकी सहा जणांत ते सापडले. बऱ्या झालेल्या मुलांचे नमुने काही आठवड्यांनी पुन्हा घेतले, तेव्हा त्यांत विषाणू नव्हते. डिसेंबर १९७३ मध्ये हे काम प्रसिद्ध झाले. थोड्याच दिवसांत शीमध्येही हे कण दिसू लागले, मग आतड्याचा तुकडा काढण्याची गरज उरली नाही. इंग्लंडच्या थॉमस फ्लूएट यांना ते कण आऱ्या असलेल्या चाकासारखे वाटले. लॅटिनमध्ये चाक म्हणजे 'रोटा', म्हणून रोटाव्हायरस. हा विषाणू इतका लहान असतो, की एका मिलिमीटरच्या रेषेत सुमारे तेरा हजार मावतील. आणि लाइट-होड्स यांचा तो जपून ठेवलेला नमुना? तीसहून अधिक वर्षांनी तो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर त्यातही हीच चाके होती.

पुढच्या काही वर्षांत जगभर तपासण्या झाल्या आणि एक विलक्षण चित्र दिसले. पाच वर्षांचे होईपर्यंत जगातल्या जवळजवळ प्रत्येक मुलाला रोटाव्हायरसची लागण एकदा तरी होऊन गेलेली असते. मेलबर्न असो वा मेळघाट, यात फरक नाही. एका ग्रॅम शीत अब्जावधी विषाणू असतात आणि लागण व्हायला शंभराहून कमी पुरतात. त्यामुळे केवळ स्वच्छ पाणी दिले की हा विषाणू हटत नाही. भारतातही रुग्णालयात दाखल कराव्या लागणाऱ्या पाच वर्षांखालील जुलाबाच्या रोग्यांपैकी सुमारे ४० टक्के मुलांत, लस येण्यापूर्वी, हाच विषाणू सापडत असे. पुण्यासारख्या ठिकाणी त्याचा जोर थंडीत, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारीत दिसतो. लागण सर्वांना सारखी होत असली तरी मृत्यू सर्वांना सारखे येत नाहीत. ते जवळजवळ सगळे गरीब देशांतच होतात.

कारण न विचारणारा उपाय

जंतूचा शोध चालू असताना मुले मात्र मरतच होती. १९८० च्या सुमाराच्या एका अंदाजानुसार, चीन वगळता विकसनशील देशांत पाच वर्षांखालील ४६ लाख मुले दरवर्षी जुलाबाने मरत होती. जंतू सापडेपर्यंत थांबायचे का?

जुलाबात मूल बहुधा जंतूमुळे थेट मरत नाही. ते शरीरातले पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे मरते. तोंडाने नुसते पाणी दिले तर ते नीट शोषले जात नाही. १९६० मध्ये रॉबर्ट क्रेन यांनी मांडले की लहान आतड्याच्या पेशींत ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत शिरतात. त्यांच्या मागोमाग पाणीही जाते. पटकीच्या विषाने आतडे पाणी सोडत असले तरी हे जोडदार अबाधित राहते. १९६८ मध्ये ढाक्यात नेलिन आणि कॅश यांनी पटकीच्या रोग्यांवर याचा यशस्वी वापर करून दाखवला.

खरी कसोटी लागली १९७१ मध्ये. बांगलादेशच्या मुक्तिसंग्रामात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत पटकी पसरली. शिरेतून देण्याचे सलाइन संपत आले होते. डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर, मीठ आणि खाण्याचा सोडा यांचे मिश्रण पाण्यात कालवून पिंपात भरले आणि ते रोग्यांना पाजण्याचे काम त्यांच्या नातेवाइकांवर सोपवले. सुमारे ३० टक्क्यांवर गेलेले मृत्यूंचे प्रमाण ४ टक्क्यांच्याही खाली आले.

हीच आपली जलसंजीवनी. तिचे मोठेपण असे, की ती जंतूचे नाव विचारत नाही. शिगेला असो, ई. कोलाय असो वा रोटाव्हायरस, गेलेले पाणी भरून काढायचे हे काम तेच राहते. भाताच्या पेजेत मीठ घालून पाजणाऱ्या आपल्या आज्यांचे काहीसे असेच होते. पेजेतल्या पिठाचे आतड्यात ग्लुकोज होते आणि मिठातून सोडियम मिळते.

मग जंतूचे नाव कशाला हवे?

उपचार कारण न विचारता होत असेल, तर नव्वद वर्षे ही यातायात कशासाठी केली, असा प्रश्न विद्यार्थी विचारतील. विचारायलाच हवा. त्याची दोन उत्तरे आहेत.

पहिले असे, की नाव माहीत नसेल तर चुकीची औषधे दिली जातात. विषाणूवर प्रतिजैविकांचा काही परिणाम होत नाही. रक्ती हगवणीत मात्र त्यांची गरज पडू शकते. दुसरे असे, की जलसंजीवनी आजार झाल्यावर कामाला येते. आजार टाळायचा तर तो कोणामुळे होतो हे ठाऊक असावे लागते.

१९८० च्या दशकाच्या मध्यावर दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. महाराज किशन भान आणि सहकाऱ्यांना एक गोष्ट दिसली. तिथल्या काही नवजात बाळांच्या शीत रोटाव्हायरस होता, पण त्यांना जुलाब झालेच नव्हते. अशी निरोगी बाळे 'काही विशेष नाही' म्हणून सोडून देणे सोपे होते. त्यांनी ती सोडली नाहीत. पुढे त्यांच्यावर लक्ष ठेवल्यावर कळले, की या बाळांना नंतरही रोटाव्हायरसचे जुलाब कमी होतात. निसर्गानेच जणू लस टोचली होती. तपासात आढळले, की हा माणसाचा विषाणू असला तरी त्यातले एक जनुक गायीच्या रोटाव्हायरसकडून आलेले आहे.

या ११६ई नावाच्या विषाणूपासून लस व्हायला जवळजवळ तीस वर्षे लागली. मध्ये १९९८ मध्ये अमेरिकेत एक लस आली. पण ती घेतलेल्या काही बाळांच्या आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरून अडकण्याचा प्रकार दिसला, साधारण दहा हजारांत एक. पुढच्याच वर्षी ती लस मागे घेतली गेली. जिथे या रोगाने मृत्यू फार कमी होतात, तिथे हा निर्णय समजण्यासारखा होता. जिथे तो रोज मुले मारतो, तिथे हिशोब वेगळा झाला नसता का? वरच्या वर्गात चर्चेला घ्यावा असा हा प्रश्न आहे.

११६ई पासून हैदराबादच्या भारत बायोटेकने बनवलेल्या लसीची चाचणी दिल्ली, वेल्लोर आणि पुण्याजवळचे वढू इथल्या ६,७९९ बाळांवर झाली. २०१४ मध्ये निष्कर्ष आले. पहिल्या वर्षातले रोटाव्हायरसचे गंभीर जुलाब सुमारे ५६ टक्क्यांनी घटले होते. २०१६ पासून काही राज्यांत आणि २०१९ पर्यंत देशभर ही लस सरकारी लसीकरणात आली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लसही त्यात वापरली गेली. बाळाच्या लसीकरण कार्डावर सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यासमोर 'रोटा' असे जे लिहिलेले असते, ते हेच. ५६ टक्के म्हणजे पूर्ण संरक्षण नव्हे. श्रीमंत देशांत अशा लसी याहून बऱ्याच अधिक परिणामकारक ठरतात. कुपोषण, आतड्यातली इतर लागण अशी काही कारणे यामागे असावीत, असे मानले जाते.

वळणदार जंतू परत येतो

आता एशरिख यांच्या त्या वळणदार जंतूंकडे. १९७० च्या दशकात बेल्जियममधल्या बुत्झलर यांनी आणि नंतर १९७७ मध्ये इंग्लंडमधल्या स्किरो यांनी असे जंतू वाढवण्याच्या सोप्या पद्धती दाखवल्या. त्यांना साध्या हवेपेक्षा कमी ऑक्सिजन लागतो. म्हणूनच ते एशरिख यांच्याकडे वाढत नव्हते. हा कॅम्पिलोबॅक्टर, आणि एशरिख यांनी पाहिला तो हाच असावा. १९७६ मध्ये क्रिप्टोस्पोरिडियम हा एकपेशीय परजीवी माणसात प्रथमच आढळला. याच्यावर पाण्यातल्या क्लोरिनचाही फारसा परिणाम होत नाही.

संशयितांची यादी अशी लांबत गेली. तेव्हा ब्रे यांची निरोग्यांच्या साक्षीची पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. आफ्रिकेतल्या चार आणि आशियातल्या तीन देशांत (त्यांत आपले कोलकाताही होते) जुलाब झालेली ९,४३९ मुले आणि त्यांच्याच परिसरातली १३,१२९ निरोगी मुले तपासली. २०१३ मध्ये निष्कर्ष आले. यादी लांबलचक असूनही मुख्य गुन्हेगार चारच निघाले : रोटाव्हायरस, क्रिप्टोस्पोरिडियम, शिगेला आणि विष सोडणाऱ्या ई. कोलायचा एक प्रकार. निरोगी मुलांपैकीही जवळजवळ तीन चतुर्थांश मुलांत कोणता ना कोणता संशयित जंतू होताच! एवढे करूनही साधारण निम्म्या आजारांचेच कारण सांगता आले.

२०१६ मध्ये त्याच साठवलेल्या नमुन्यांतल्या काहींची नव्या पद्धतीने तपासणी झाली. या वेळी प्रश्न बदलला होता. जंतू आहे की नाही, एवढ्यावर न थांबता तो किती आहे हे मोजले. निरोगी मुलात तो थोडा असतो, आजारी मुलात पुष्कळ. हा फरक धरल्यावर ८९ टक्के आजाराचे कारण सांगता आले. गर्दीतला चोर कसा ओळखायचा, या म्युनिकमधल्या प्रश्नाला १३० वर्षांनी बऱ्यापैकी उत्तर मिळाले.

आज जगात पाच वर्षांखालील सुमारे साडेचार लाख मुले दरवर्षी जुलाबाने मरतात. ४६ लाखांवरून आपण इथवर आलो. यात जलसंजीवनीचा, पाण्याचा, संडासांचा, लसींचा, आयांच्या शिक्षणाचा, सगळ्यांचा वाटा आहे. उरलेल्या मुलांना वाचवण्याचे बहुतेक उपाय माहीत आहेत, ते पोचायचे आहेत.

म्हणून धडा संपल्यावर वर्गात दोन गोष्टी जरूर करून पाहा. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून प्रत्येक मुलाला स्वतःच्या हाताने जलसंजीवनी करू द्या. चव पाहू द्या. ती डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागता कामा नये. मीठ जास्त झाले तर काय होईल, हेही बोला. दवाखान्यात मिळणारी पुडी हाताशी असेल तर तीच चांगली, हे सांगा. जुलाब होत असतानाही बाळाचे अंगावरचे दूध आणि खाणे थांबवायचे नाही, जस्ताच्या गोळ्या डॉक्टर सांगतील तितके दिवस द्यायच्या, आणि बाळ मलूल झाले, डोळे खोल गेले, ते पिईनासे झाले किंवा शीतून रक्त पडले तर लगेच दवाखाना गाठायचा, हे फळ्यावर लिहा.

दुसरे म्हणजे, मुलांना घरी धाकट्या भावंडाचे लसीकरण कार्ड पाहायला सांगा. त्यात रोटाच्या तीनही रकान्यांत तारखा आहेत का? पाचवीतल्या त्या मुलीला पुढच्या खेपेला "कशानं झालं?" असे विचाराल, तेव्हा ती कदाचित तुम्हालाच उलट विचारेल, "बाई, रक्त पडत होतं का, ते सांगा आधी." तसे झाले तर धडा पोचला म्हणायचा.